हाताला कळणारा संगणक : बल-प्रत्याभरण नियंत्रकांची किंमत आणि सुरक्षितता



संगणकावर मोटारशर्यतीचा खेळ खेळणाऱ्या मुलाकडे थोडा वेळ लक्ष देऊन पाहावे. पडद्यावरील गाडी डांबरी रस्ता सोडून खडीवर उतरते, तेव्हा त्याच्या डोळ्यांना उडणारी धूळ दिसते, कानांना खडीचा आवाज येतो. हातातील चक्राला मात्र या बदलाची दादच नसते. ते पूर्वीइतकेच हलके फिरत राहते. गेल्या चार दशकांत संगणकाने डोळे आणि कान यांच्यासाठी पुष्कळ केले. हाताकडून तो फक्त आज्ञा घेत आला; हाताला परत काही सांगण्याची सोय कळफलकात नाही आणि माऊसमध्येही नाही. ही उणीव भरून काढणाऱ्या तंत्राला इंग्रजी नावानेच ‘फोर्स फीडबॅक’ म्हणतात. मराठीत त्याला बल-प्रत्याभरण म्हणता येईल. हे ज्या व्यापक विद्याशाखेत मोडते तिचे नाव हॅप्टिक्स असून ते स्पर्श करणे या अर्थाच्या ग्रीक धातूवरून आले आहे.

खेळण्याच्या वस्तूचा विकासाच्या प्रश्नाशी संबंध काय, अशी शंका येथे येणे स्वाभाविक आहे. मराठीत कसबाबद्दल बोलताना ‘हात बसला’ असे म्हणतात. ‘डोळा बसला’ असे कोणी म्हणत नाही. सुताराचा रंधा, जोडाऱ्याची कानस, दंतवैद्याचे ड्रिल किंवा परिचारिकेच्या हातातील सुई ही सारी साधने किती दाब द्यावा याच्या अंदाजावर चालतात आणि तो अंदाज चित्रफीत पाहून येत नाही. त्यामुळे हाताला खरे बल जाणवून देणारे यंत्र सर्वसामान्य घराला किंवा तालुक्याच्या प्रशिक्षण संस्थेला परवडेल अशा किमतीत आणि निर्धोक स्वरूपात मिळते की नाही, हा प्रश्न केवळ करमणुकीचा राहत नाही. या यंत्राची किंमत खाली आणण्याचे काम आजवर मुख्यतः खेळांच्या बाजारपेठेने केले आहे, म्हणून सुरुवात तेथूनच करावी लागते.

कंपन वेगळे, बल वेगळे

बाजारात या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते. मोबाइल फोन थरथरतो किंवा खेळाचा हातनियंत्रक गुरगुरतो, त्यामागे बहुधा एका छोट्या मोटरच्या आसावर बसवलेले एकाकडे झुकलेले वजन असते. मोटर फिरली की ते वजन साऱ्या यंत्राला हादरे देते. हे झाले कंपन. ते ‘काहीतरी घडले’ एवढे सांगते. कोणत्या दिशेने आणि किती जोराने, हे त्याला सांगता येत नाही. बल-प्रत्याभरणात मोटर हाताला विशिष्ट दिशेने ढकलते किंवा अडवते. खेळातील भिंतीला हात लागला की तो खरोखर थांबतो.

शरीराच्या बाजूनेही हे भेद खरे आहेत. कंपन त्वचेतील ग्राहकांना कळते आणि सेकंदाला सुमारे २५० आवर्तनांच्या आसपास ही संवेदना सर्वांत तीक्ष्ण असते. बलाची आणि हाताच्या स्थितीची जाणीव प्रामुख्याने स्नायू, कंडरा व सांधे यांतून होते. स्पर्श आणि तापमान यांच्या ग्राहकांचा शोध लावल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस व आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. पॅटापूटियन यांनी शोधलेली पिएझो-२ ही प्रथिनवाहिनी स्पर्शासाठी जशी लागते, तशीच आपला हात कोठे आहे हे डोळे मिटून ओळखण्यासाठीही लागते. परीक्षेच्या दृष्टीने हा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे.

अणुभट्टीपासून खेळघरापर्यंत

या तंत्राचा जन्म खेळात झाला नाही. किरणोत्सारी पदार्थ जाड भिंतीआडून हाताळण्यासाठी अमेरिकेतील आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत रेमंड गोर्ट्झ यांनी १९४० व १९५०च्या दशकांत दूरहस्त विकसित केले. भिंतीपलीकडील यांत्रिक हाताला जेवढा अडथळा होई, तेवढा अलीकडील माणसाच्या हाताला जाणवे. १९६७मध्ये नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात फ्रेडरिक ब्रुक्स यांनी ‘ग्रोप’ हा प्रकल्प हाती घेतला. पुढे त्यात आरगॉनचाच यांत्रिक हात वापरून रेणू एकमेकांत बसतात तेव्हाचे आकर्षण-प्रतिकर्षण संशोधकाच्या हाताला जाणवून देण्यात आले. १९९३च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत थॉमस मॅसी व केनेथ सॅलिसबरी यांनी ‘फँटम’ हे टेबलावर मावणारे यंत्र तयार केले. प्रयोगशाळांनी ते उचलून धरले. किंमत मात्र हजारो डॉलर असल्याने घराचा उंबरठा ते ओलांडू शकले नाही. ऑक्टोबर २००२मध्ये अशाच यंत्रांच्या साहाय्याने लंडन आणि बोस्टन परिसरातील दोन व्यक्तींनी इंटरनेटवरून एकच आभासी ठोकळा मिळून उचलला. त्या प्रयोगातील अमेरिकेच्या बाजूची ‘टच लॅब’ मंड्यम श्रीनिवासन या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञांनी स्थापन केलेली होती.

खेळांची वाट याला समांतर चालली होती. १९७६मध्ये सेगा कंपनीच्या ‘मोटो-क्रॉस’ या नाण्यावर चालणाऱ्या खेळात टक्कर झाली की मोटारसायकलचा हँडल हादरत असे. घरगुती संगणकाच्या दृष्टीने १९९७ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टने ‘साइडवाइंडर फोर्स फीडबॅक प्रो’ ही जॉयस्टिक आणली आणि खेळांच्या आज्ञावलींना बल-प्रत्याभरणाच्या आज्ञा देण्याची सोय ‘डायरेक्टएक्स’च्या पाचव्या आवृत्तीत झाली. त्याच वर्षी निन्टेन्डोने कंपनाचा जोड आणि सोनीने दोन मोटरींचा ‘ड्युअलशॉक’ नियंत्रक बाजारात आणला. १९९९मध्ये यूएसबी जोडणीसाठी या उपकरणांचे सामाईक विनिर्देश ठरले. कोणत्याही निर्मात्याचे चक्र कोणत्याही संगणकाला समजावे, ही स्वस्ताईची पहिली अट त्यामुळे कागदावर तरी पूर्ण झाली.

दुसरी अट पेटंटची. १९९३मध्ये स्थापन झालेल्या इमर्शन या कंपनीकडे या क्षेत्रातील अनेक पेटंटे होती. तिने २००२मध्ये सोनी व मायक्रोसॉफ्ट यांच्यावर दावा लावला. मायक्रोसॉफ्टने २००३मध्ये तडजोड केली. सोनीविरुद्ध २००४मध्ये ज्यूरीने ८ कोटी २० लाख डॉलरचा निर्णय दिला आणि ते प्रकरण २००७मध्ये मिटले. मधल्या काळात, २००६मध्ये, सोनीचे तिसरे प्लेस्टेशन बाजारात आले ते कंपनविरहित नियंत्रकासह. पेटंटची मुदत साधारणतः अर्जापासून वीस वर्षांची असते. १९९०च्या दशकातील पेटंटे आता संपली आहेत आणि बौद्धिक संपदेचा तो अडसर पुष्कळसा दूर झाला आहे.

दोनशे डॉलरच्या आतील प्रयोग

परवडणारे आणि तरीही खरे त्रिमितीय बल देणारे यंत्र शक्य आहे, हे २००७मध्ये सिद्ध झाले. न्यू मेक्सिकोतील नोव्हिंट या कंपनीने ‘फाल्कन’ नावाचा नियंत्रक १८९ डॉलरला विक्रीस आणला. तेव्हाच्या विनिमयदराने ही रक्कम आठ हजार रुपयांच्या आत होती. कंपनीचे मूळ तंत्रज्ञान सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेतून परवान्याने आलेले होते. म्हणजे शासकीय संशोधनाचे हे आणखी एक फलित.

फाल्कनची रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्या साधेपणातच तिची स्वस्ताई होती. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे रेमों क्लावेल यांनी १९८०च्या दशकात ‘डेल्टा’ प्रकारचा यंत्रमानव शोधून काढला. नेहमीच्या यांत्रिक हातात खांद्यावर एक मोटर, कोपरावर दुसरी, मनगटावर तिसरी अशी मांडणी असते. त्यामुळे प्रत्येक मोटरला पुढच्या मोटरचे ओझे वाहावे लागते. डेल्टा रचनेत तिन्ही मोटरी स्थिर बैठकीवर बसतात आणि तीन हलक्या दांड्या मध्यभागी एका मुठीला येऊन मिळतात. दांड्यांतील समांतरभुज चौकोनांमुळे मूठ वर-खाली, डावी-उजवी, पुढे-मागे कोठेही गेली तरी तिरकी होत नाही. हलणारा भाग हलका, म्हणून त्याचे जडत्व कमी. जडत्व कमी, म्हणून छोट्या आणि स्वस्त मोटरी पुरतात. फाल्कनची मूठ साधारण दहा सेंटिमीटर बाजूच्या घनाएवढ्या जागेत फिरत असे आणि जास्तीत जास्त सुमारे ९ न्यूटन बल देत असे. ९ न्यूटन म्हणजे जवळजवळ ९०० ग्रॅम वजन. एवढ्या बलाने हात सहज अडतो, पण इजा होण्याचे भय फारसे उरत नाही.

आभासी भिंत कशी उभी राहते

येथे शालेय भौतिकशास्त्रातला हूकचा नियम कामी येतो. मूठ भिंतीच्या पृष्ठभागाआड जितकी शिरेल, तितक्या प्रमाणात संगणक तिला बाहेर ढकलतो : बल = ताठरता × आत शिरलेले अंतर. ताठरता मीटरला १००० न्यूटन घेतली, तर भिंतीत ९ मिलिमीटर शिरल्यावर ९ न्यूटन बल मिळेल. एवढ्यावर मोटरची मर्यादा संपते. अधिक जोर लावणारा हात भिंतीतून आरपार जातो. हे दोषासारखे वाटले तरी घरगुती यंत्राच्या बाबतीत ते वरदानच आहे.

खरी मेख वेळेत आहे. संगणक मुठीचे स्थान सतत पाहत नाही, ठरावीक अंतराने पाहतो, आणि दोन पाहण्यांच्या मधल्या क्षणात जुनेच बल चालू ठेवतो. हात भिंतीत शिरत असताना हे जुने बल खऱ्या स्प्रिंगपेक्षा थोडे कमी असते, तर हात बाहेर येताना थोडे जास्त. म्हणजे हाताने भिंतीला जेवढी ऊर्जा दिली, तीपेक्षा अधिक ऊर्जा भिंत परत करते. खऱ्या जगात असे कधी घडत नाही. ही जादा ऊर्जा घर्षणाने जिरली नाही, तर मूठ थरथरू लागते आणि थरथर वाढत जाते. एडवर्ड कोलगेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात याची अट मांडली. निव्वळ स्प्रिंगसारख्या भिंतीसाठी ती अशी : यंत्रातील नैसर्गिक अवमंदन हे ताठरता आणि दोन पाहण्यांमधील काळ यांच्या गुणाकाराच्या निम्म्याहून अधिक असले पाहिजे.

आकडे घालून पाहावे. सेकंदाला १००० वेळा स्थान तपासले, तर काळ ०.००१ सेकंद. ताठरता १००० असेल, तर लागणारे अवमंदन ०.५ एकक, म्हणजे मीटर प्रतिसेकंद वेगाला अर्धा न्यूटन. आता तीच तपासणी चित्रपटलाच्या गतीने, सेकंदाला ६० वेळाच केली, तर तेवढ्याच अवमंदनावर ताठरता ६०च्या खाली ठेवावी लागेल. एक सेंटिमीटर आत शिरल्यावर ०.६ न्यूटन बल, म्हणजे भिंत नव्हे, उशीच. चित्रासाठी सेकंदाला ६० चौकटी पुरतात, पण बल-प्रत्याभरणासाठी १००० आवर्तने का लागतात, याचे उत्तर या साध्या गणितात आहे. विक्रेते मोटरच्या ताकदीची जाहिरात करतात. खरेदीदाराने आधी या तपासणीच्या वेगाची चौकशी करणे अधिक शहाणपणाचे, कारण कमी ताकदीची पण चपळ मोटर ही जोरकस पण मंद नियंत्रण असलेल्या मोटरपेक्षा अधिक खरी वाटते आणि अधिक सुरक्षितही असते.

घरातील धोके

शर्यतीच्या चक्रांत हा प्रश्न प्रकर्षाने पुढे येतो. २०१५च्या सुमारास मध्यम किमतीत मिळणाऱ्या, दंतचक्रांवर किंवा पट्ट्यावर चालणाऱ्या चक्रांचे आघूर्ण साधारण २ न्यूटन-मीटरच्या आसपास होते. ३० सेंटिमीटर व्यासाच्या चक्राच्या कडेवर याचा अर्थ सुमारे १३ न्यूटन, म्हणजे सव्वा-दीड किलो वजन. पुढे मोटरच्या आसावरच चक्र बसवण्याची पद्धत आली. २०१८मध्ये फॅनाटेक या जर्मन कंपनीने २० न्यूटन-मीटरचे असे चक्र घरगुती ग्राहकांसाठी आणले. त्याच व्यासाच्या कडेवर हे १३३ न्यूटन, म्हणजे साडेतेरा किलो होतात. खेळातली गाडी कठड्यावर आदळली आणि अंगठा चक्राच्या आरीत अडकलेला असला, तर काय होईल हे सांगायला नको. म्हणूनच अशा यंत्रांबरोबर आणीबाणीत मोटर तोडणारे बटण दिले जाते आणि अंगठे आरीच्या आत न घालण्याची सूचना केली जाते. लहान मुले असलेल्या घरात असे चक्र असावे काय, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर नकारार्थी देण्यात संकोच करण्याचे कारण नाही. २०२१नंतर ५ न्यूटन-मीटरच्या आसपासची, तुलनेने स्वस्त चक्रेही याच पद्धतीत मिळू लागली. कडेवर साडेतीन किलोंपेक्षा कमी बल देणारी ही चक्रे किशोरवयीन मुलांसाठी पुरेशी मानावीत.

सुरक्षिततेचा सर्वांत सुबक उपाय मात्र जुनाच आहे. १९९७च्या साइडवाइंडर जॉयस्टिकच्या मुठीत एक प्रकाशकिरण होता. हाताने तो अडवलेला असेल तोवरच मोटरी चालत. हात सुटला की काठी निमूट पडून राही. या युक्तीने सोडलेली काठी आपोआप सैरावैरा हलण्याचा धोका टळत असे. महाग भाग त्यात काहीच नव्हते. स्वस्ताईसाठी सुरक्षिततेचा बळी द्यावाच लागतो, हा समज या एका उदाहरणाने खोटा पडतो.

कंपनाचा धोका निराळा आणि संथ आहे. २००२मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १५ वर्षांच्या एका मुलाची नोंद प्रसिद्ध झाली. तो कंपनयुक्त नियंत्रकावर दिवसाला सात-सात तास खेळत असे. थंडीत त्याचे हात पांढरे पडत आणि ऊब मिळाल्यावर लाल होत. ही लक्षणे दगड फोडण्याची यंत्रे चालवणाऱ्या कामगारांत आढळणाऱ्या विकाराशी जुळणारी होती. युरोपीय संघाच्या त्याच वर्षीच्या निर्देशात कामगारांच्या हातांवरील कंपनासाठी आठ तासांच्या हिशेबाने २.५ मीटर प्रतिसेकंद वर्ग ही कृतीची पातळी आणि ५ ही कमाल मर्यादा ठरवलेली आहे. एका रुग्णावरून सर्वांसाठी निष्कर्ष काढता येत नाही, हे खरे; पण दोन तासांच्या खेळानंतर विश्रांती घ्यावी आणि कंपन मंद ठेवावे, एवढे तरी त्यावरून घरातील मोठ्यांनी ठरवावे.

विजेचा धोका या साऱ्यांहून ओळखीचा आहे. यूएसबीच्या मूळ विनिर्देशानुसार ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट एवढीच शक्ती मिळते. बल निर्माण करण्यास ती अपुरी पडते, म्हणून वेगळा अडॅप्टर लागतो. उपकरणाच्या आत धोका कमी असतो, तो या अडॅप्टरमध्ये असतो. भारतात २०१२च्या अनिवार्य नोंदणी आदेशाच्या पहिल्याच यादीत इलेक्ट्रॉनिक व्हिडिओ खेळांचा समावेश करण्यात आला आणि पुढे अडॅप्टरही त्यात आले. भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि नोंदणी क्रमांक नसलेला अडॅप्टर स्वस्त पडतो, पण तो घरात आणू नये.

बाजार का वाढला नाही

फाल्कन स्वस्त होता, सुरक्षित होता, तरी तो टिकला नाही. त्याचे उत्पादन बंद पडले. कारण किमतीत शोधून सापडत नाही. त्रिमितीय बल वापरणारे खेळ मोजके होते. खेळ नव्हते म्हणून ग्राहक नव्हते आणि ग्राहक नव्हते म्हणून खेळ लिहिले गेले नाहीत. शर्यतीच्या चक्रांचे तसे झाले नाही, कारण खरी गाडी चालवणाऱ्याला चक्राचा उपयोग समजावून सांगावा लागत नाही. फाल्कनचे पुढील आयुष्य मात्र मोठे विलक्षण आहे. खेळाडूंनी नाकारलेले हे यंत्र संशोधकांनी उचलले. ‘चाय-थ्री-डी’ या मुक्त स्रोत आज्ञावलीत त्याला आधार असल्याने शस्त्रक्रियेचा सराव, दूरनियंत्रण आणि अंध विद्यार्थ्यांना आलेखाचा चढ-उतार बोटाने समजावणे अशा प्रयोगांत ते जगभर वापरले गेले. ज्या कामाला पूर्वी हजारो डॉलर लागत, ते दोनशेच्या आत होऊ लागले.

या कामांची निकड किती आहे, हे शस्त्रक्रियेच्या क्षेत्रावरून कळते. ‘दा विंची’ हा शस्त्रक्रियेचा यंत्रमानव अमेरिकेत २०००पासून वापरात होता. परंतु ऊतींवर पडणारे बल शल्यविशारदाच्या हाताला कळवणारी उपकरणे त्याच्या पाचव्या पिढीत आली आणि तिला अमेरिकेत मान्यता मिळाली मार्च २०२४मध्ये. तोपर्यंत धागा किती ताणला गेला, हे डॉक्टरांना डोळ्यांनीच ताडावे लागे.

आपल्या देशात

भारतात या विषयाचे काम काही ठिकाणी नेटाने झाले आहे. आयआयटी मद्रासमध्ये स्पर्शतंत्राची स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. अमृता विश्व विद्यापीठाच्या ‘अम्माची लॅब्ज’ने व्यवसाय प्रशिक्षणासाठी हॅप्टिक सिम्युलेटर तयार केले. ॲनिमेशन, दृश्यपरिणाम व गेमिंग क्षेत्रासाठी केंद्र शासनाने २०२२मध्ये कृतिदल नेमले आणि सप्टेंबर २०२४मध्ये मुंबई येथे या क्षेत्राच्या राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्रास मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. या चर्चेचा भर अजून तरी आज्ञावली आणि चित्रांवर आहे. हातात धरावयाचे यंत्र देशात बनावे, याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. मोटर, दांड्या, संवेदक आणि एक छोटा नियंत्रक फलक एवढेच भाग ज्यात लागतात, त्या वस्तूसाठी आयातीवर अवलंबून राहणे हे पटण्याजोगे नाही.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ॲलिसन ओकामुरा यांच्या गटाने ‘हॅपकिट’ नावाचे एकाच दिशेने हलणाऱ्या दांडीचे यंत्र विद्यार्थ्यांसाठी तयार केले असून त्याचे आराखडे खुले आहेत. त्रिमितीय छपाई यंत्रावर दांडी छापावी, छोटी मोटर आणि चुंबकीय संवेदक जोडावा, फलकावर काही ओळींची आज्ञावली भरावी, की आभासी भिंत उभी राहते. अटल टिंकरिंग प्रयोगशाळा असलेल्या शाळांत त्रिमितीय छपाई यंत्र आणि नियंत्रक फलक ही सामग्री अपेक्षितच असते. तेथील विद्यार्थ्याने भिंतीची ताठरता हळूहळू वाढवत न्यावी. वर सांगितलेल्या अटीची सीमा ओलांडली, की त्याच्या बोटांखाली दांडी गुणगुणू लागेल; मग तपासणीचा काळ निम्मा करून पाहावा, म्हणजे तीच भिंत पुन्हा शांत होईल.